आंद्रे ब्रेतों आणि त्यांचे कागद

अतिवास्तववाद ह्या फ्रेंच चळवळीचे प्रवर्तक म्हणून आंद्रे ब्रेतों ह्यांचे नाव सर्वश्रुत आहे. त्यांच्या काव्याची व मतांची चर्चा पुष्कळ झाली आहे. आम्ही येथे त्यांच्या चरित्राची एक लहानशी बाजू वाचकांपुढे ठेवू इच्छितो. ती म्हणजे कागदाच्या क्षुल्लक तुकड्याविषयी त्यांस वाटणारी आस्था.

ब्रेतों ह्यांचा जन्म इ. स. १८९६ मध्ये नॉर्मंडीतील तँशब्रे ह्या गावी सामान्य कुटुंबात झाला. ते वैद्यकीचे अध्ययन करीत असता पहिले महायुद्ध उद्भवले आणि मनोविकाराने पीडलेल्या सैनिकांची शुश्रूषा त्यांच्या वाट्यास आली. मनुष्याच्या मनात बुद्धीपलीकडचे एक जग आहे, हा विचार तेथे त्यांच्या ठायी दृढ झाला. १९२४ साली त्यांनी आपला जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्याच सुमारास त्यांच्या मंडळीने रंगीत कागदाच्या लहान चिठ्ठ्या छापवून पॅरिसमध्ये वाटल्या व भिंतींवर चिकटविल्या.

पुढे चित्रप्रदर्शने भरू लागली, तेव्हा प्रत्येकाची निमंत्रणपत्रिका व सूचिपत्र हीदेखील कलाकृतीच होऊन बसली. १९३८ सालच्या पॅरिसमधील प्रदर्शनाच्या निमंत्रणावर एका यांत्रिक मनुष्याचे चित्र होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रेतों ह्यांस मायदेश सोडावा लागला. १९४१ साली ते मार्सेय बंदरातून निघाले व मार्तिनीक बेटावरून न्यूयॉर्क येथे पोहोचले. तेथे १९४२ साली भरविलेल्या प्रदर्शनास जे नाव देण्यात आले, ते अमेरिकेचे नागरिकत्व मागणाऱ्या परदेशीयांच्या पहिल्या अर्जावरून घेतले होते. सूचिपत्राचे मुखपृष्ठ मार्सेल द्यूशाँ ह्यांनी योजिले. त्यावर गोळ्या लागलेल्या भिंतीचे छायाचित्र असून कागदासही खरीच भोके पाडली होती. निर्वासितांची अवस्था त्या एका पानात साठविली होती, असे आम्हांस वाटते.

१९४६ साली ब्रेतों स्वदेशी परतले. पॅरिसमधील फाँतेन रस्त्यावर ४२ क्रमांकाच्या इमारतीत ते १९२२ पासून राहत असत. तेथे चित्रे, मूर्ती व ग्रंथ ह्यांजबरोबर पत्रे, हस्तपत्रके व निमंत्रणेही त्यांनी जपून ठेविली. १९६६ साली ते निवर्तले. सदतीस वर्षांनी, एप्रिल २००३ मध्ये, त्या संग्रहाचा पॅरिस येथे लिलाव झाला. त्यात चार हजारांहून अधिक नग होते. संग्रह एकत्र राहावा म्हणून अनेकांनी विरोध केला, परंतु तो विखुरलाच. त्यांच्या अभ्यासिकेतील एक भिंत मात्र तेवढी पाँपिदू संग्रहालयाच्या संग्रहात जशीच्या तशी जपली गेली आहे. जी पत्रके एके काळी फुकट वाटली गेली, त्यांस आज संग्राहक भारी किंमत देतात.

ब्रेतों निरीश्वरवादी होते व धर्माविषयी त्यांची मते प्रतिकूल होती. ती आम्हांस मान्य नाहीत. तथापि पाच हजारांच्या भोजनानंतर उरलेले तुकडे गोळा करविणाऱ्या प्रभूचे आम्ही अनुयायी आहोत. म्हणून हा गुण परक्याच्या घरी आढळला तरी तो आम्ही आदरानेच घेतला पाहिजे. आमच्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या संमेलनाची पत्रिका फाडून टाकण्यापूर्वी क्षणभर थांबावे. कारण मोठे ग्रंथ जपणारे पुष्कळ असतात, परंतु अशा कागदास त्याच्या धन्यावाचून दुसरा वाली नसतो.