महंमद तुघलक व त्याचें तांब्याचें नाणें

अविचारी राज्यकारभारास आपण ‘तुघलकी कारभार’ म्हणतों. ज्याच्या नांवावरून हा शब्द पडला, तो दिल्लीचा सुलतान महंमद तुघलक मूर्ख मात्र नव्हता. बालवाचकांस त्याची खरी ओळख व्हावी, म्हणून आम्ही त्याचें अल्प चरित्र येथें देत आहों.

ह्याचें मूळ नांव जौनाखान. बाप गियासुद्दीन मरण पावल्यावर तो इ. स. १३२५ त गादीवर बसला. तर्कशास्त्र, वैद्यक व फारसी काव्य ह्यांत त्याची गति होती. अक्षरही सुंदर होतें. १३२७ त आपल्या महाराष्ट्रांतील देवगिरीस दौलताबाद हें नांव देऊन त्यानें तेथें राजधानी नेली.

पुढें १३२९-३० च्या सुमारास त्यानें तांब्यापितळेचीं नाणीं पाडिलीं व तीं रुप्याच्या टंक्याच्या भावानें घ्यावीं, असा हुकूम केला. दौलताबादच्या टांकसाळींतूनही तीं निघालीं. चीन देशांत कुब्लाईखानाचें कागदी चलन पूर्वींच चाललें होतें. तेव्हां ही कल्पना अगदींच वेडेपणाची नव्हती.

इंग्लंडांत त्या काळापूर्वीं लोक सुट्या पैशांसाठीं रुप्याच्या पेनीचे दोन किंवा चार तुकडे करीत. तुकडा झाला तरी तें रुपेंच. त्याची किंमत वजनांत असे. तुघलकाच्या नाण्याची किंमत केवळ सरकारच्या शब्दांत होती. सुलतानाची आज्ञा पाळणारा ईश्वराची आज्ञा पाळितो, अशा अर्थाचा लेख त्यावर होता. परंतु खऱ्याखोट्याची पारख होईल अशी खूण नव्हती. मग काय विचारतां! तांबें वितळवून घरोघरीं टांकसाळी निघाल्या. लोक सारा तांब्यांत भरीत व रुपें दडवून ठेवीत. परदेशचे व्यापारी आपल्या मालाबद्दल तें नाणें घेईनात.

सुमारें तीन वर्षांत सुलतानानें तें चलन बंद केलें. जे जे नाणीं घेऊन आले, त्यांस त्यानें खजिन्यांतून खरें नाणें दिलें. त्यांत बनावट नाण्यांचाही भरणा होता. तुघलकाबादेस तांब्याच्या नाण्यांचे ढीग पडले, असें त्या काळचा इतिहासकार बरनी सांगतो. खजिना रिता झाला. १३४७ त दक्षिण हातची गेली. १३५१ त सिंधमध्यें ठठ्ठ्याजवळ तो मरण पावला.

त्याच्या नाण्यांत आज जीं ओबडधोबड अक्षरांचीं सांपडतात, तीं बनावट असावींत असें जाणते मानितात. विद्यार्थ्यांनो, सुलतानाच्या उतावळेपणास अवश्य हंसावें. परंतु तोटा सोसूनही त्यानें दिलेला शब्द पाळिला, हें विसरूं नये. आणि राज्य बुडत असतां आपल्या घरीं खोटें नाणें पाडणारे हात राजाचे नव्हते, हेंही ध्यानांत ठेवावें.