बुद्धिबळाच्या पटावर जुळलेली मैत्री

उत्तर जर्मनीतील ब्राउनश्वाइग शहरात एका चौकाला लेसिंग यांचे नाव आहे. शिल्पकार रीट्शेल यांनी घडविलेला त्यांचा पुतळा तेथे १८५३ पासून उभा आहे. गोटहोल्ड एफ्राइम लेसिंग यहुदी नव्हते. ते एका लुथरन पाद्र्याचे चिरंजीव. तरी यहुदी लोकांच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते ते एका नाटकामुळे, आणि त्या नाटकाची मुळे बुद्धिबळाच्या खेळातून झालेल्या एका ओळखीत सापडतात.

लेसिंग यांचा जन्म २२ जानेवारी १७२९ रोजी सॅक्सनीतील कामेंत्स या गावी झाला. मुलाने आपल्याप्रमाणेच धर्मोपदेशक व्हावे म्हणून वडिलांनी १७४६ साली त्यांना लाइपझिगच्या विद्यापीठात पाठविले. पण लाइपझिगमध्ये त्या वेळी कारोलीने नॉयबर या बाईंची नाटक मंडळी होती. धर्मशास्त्राच्या वर्गाऐवजी आमच्या विद्यार्थ्याचे पाय रंगमंचाकडे वळू लागले आणि १७४८ च्या आरंभी याच बाईंनी त्यांचे पहिले विनोदी नाटक रंगभूमीवर आणले. घरी अर्थातच नाराजी झाली. त्याच वर्षी लेसिंग बर्लिनला जाऊन लेखणीवर पोट भरू लागले.

विशीत, १७४९ साली, त्यांनी ‘यहुदी’ नावाची एकांकी लिहिली. दाढ्या लावून यहुद्यांचे सोंग घेतलेले लुटारू एका सरदारावर हल्ला करतात. एक अनोळखी प्रवासी त्याला वाचवितो. सरदार खूष होऊन आपली मुलगी देऊ करतो, तेव्हा प्रवासी सांगतो की आपण यहुदी आहोत, आणि लग्नाची गोष्ट तेथेच संपते. १७५४ मध्ये हे नाटक छापले गेल्यावर ग्योटिंगेनचे नामवंत पंडित मिखाएलिस यांनी आक्षेप घेतला. इतका सज्जन यहुदी संभवनीय वाटत नाही, असा त्यांच्या टीकेचा रोख होता.

आपल्याला हा आक्षेप विचित्र वाटेल. कोकणात आपल्या वाडवडिलांना शेजारी शनवार तेली म्हणत. शनिवारी घाणा बंद, एवढीच त्यांची वेगळी खूण. चांगुलपणाचा दाखला त्यांच्याकडे कोणी मागितला नाही. युरोपात मात्र यहुद्याला शहरात राहायलासुद्धा परवाना लागे, आणि तो सज्जन असू शकतो की नाही यावर शिकलेली माणसे लेख लिहीत.

ज्याची शक्यता मिखाएलिस नाकारत होते तो माणूस त्या वेळी बर्लिनमध्येच एका रेशीम कारखानदाराकडे हिशेब लिहीत होता. मोझेस मेंडेल्सोन हे डेसाउ गावच्या एका गरीब सोफेराचे, म्हणजे तोराच्या प्रती लिहिणाऱ्याचे, पुत्र. लेसिंग यांच्याच वर्षी जन्मलेले. पाठीला कुबड होते. आपले गुरू रब्बी फ्रेंकेल यांच्या मागोमाग चौदाव्या वर्षी, १७४३ साली, ते बर्लिनला आले. राहण्याची परवानगीही मालकाच्या नावावर होती. स्वतःच्या नावाची त्यांना १७६३ साली मिळाली. डॉक्टर गुम्पेर्त्स नावाचे एक यहुदी वैद्य दोघांच्याही ओळखीचे होते. लेसिंग यांना बुद्धिबळाला चांगला जोडीदार हवा होता, म्हणून त्यांनी १७५४ साली मेंडेल्सोन यांची गाठ घालून दिली. कारण एवढेच. पुढे खेळापेक्षा गप्पाच वाढल्या.

मिखाएलिस यांची टीका वाचून मेंडेल्सोन फार दुखावले होते. त्यांनी गुम्पेर्त्स यांना लिहिलेले पत्र लेसिंग यांनी आपल्या नाट्यविषयक नियतकालिकात छापले. दुसऱ्या वर्षी मेंडेल्सोन यांचे तत्त्वज्ञानावरील एक हस्तलिखित त्यांनी लेखकाचे नाव न घालता छापून आणले. लेखकाला त्याचा पत्ताच नव्हता आणि पुस्तक हाती पडल्यावर तो थक्क झाला, असे सांगतात. काही असो, एका कारकुनाचा ग्रंथकार झाला तो येथून.

लेसिंग यांचे स्वतःचे दिवस मात्र ओढगस्तीचे होते. हॅम्बुर्गचे राष्ट्रीय नाट्यगृह बुडाले आणि त्यांच्यावर कर्ज झाले. ब्राउनश्वाइगच्या महाविद्यालयातील प्राध्यापक एबर्ट यांनी त्यांच्यासाठी दरबारात शब्द टाकला, आणि १७७० साली ते जवळच्या व्होल्फेनब्युटेल येथील ड्यूकच्या ग्रंथालयाचे ग्रंथपाल झाले. ग्रंथसंग्रह मोठा, गाव मात्र निर्जीव. म्हणून मित्रमंडळींसाठी ते पुन्हा पुन्हा ब्राउनश्वाइगला येत. त्यांची ‘एमिलिया गालोत्ती’ ही शोकांतिका १३ मार्च १७७२ रोजी तेथेच प्रथम रंगली.

उशिरा, १७७६ मध्ये, त्यांनी एफा क्योनिश या विधवेशी विवाह केला. डिसेंबर १७७७ मध्ये मुलगा झाला. तो एक दिवसही जगला नाही. १० जानेवारी १७७८ रोजी पत्नीही गेली. त्याच काळात, बायबलाची चिकित्सा करणारे दिवंगत रायमारुस यांचे लेख प्रसिद्ध केल्यामुळे हॅम्बुर्गचे मुख्य धर्मोपदेशक ग्योत्से त्यांच्यावर तुटून पडले होते. जुलै १७७८ मध्ये ड्यूकने त्यांची सेन्सॉरमुक्त छपाईची सवलत काढून घेतली. धर्माविषयी वाद घालण्याची वाट बंद झाली. तेव्हा त्यांना आपल्या जुन्या आखाड्याची, म्हणजे रंगभूमीची, आठवण झाली. पूर्वी केव्हातरी टिपून ठेवलेला एक नाटकाचा आराखडा त्यांनी बाहेर काढला आणि आगाऊ वर्गणीदार मिळवून १७७९ साली ‘शहाणा नाथान’ प्रसिद्ध केले.

स्थळ यरुशलेम, काळ सुलतान सलादिनाचा. तीन अंगठ्यांची गोष्ट बोकाच्चोच्या कथेतली, पण ती सुलतानाला सांगणारा नाथान हा उदार, विचारी यहुदी व्यापारी मेंडेल्सोन यांच्यावरून उभा केलेला, हे त्या काळापासून मानले गेले आहे. नाटकात बुद्धिबळाचा पटही आहे. त्यावर सुलतान हरतो, आणि नाथानचा बुद्धिबळाचा सोबती असलेला दरवेशी खजिनदारी सोडून गंगेकाठी निघून जातो! विसाव्या वर्षी लिहिलेल्या प्रवाशाला नावही नव्हते. पन्नाशीतल्या नाथानला नाव आहे, घर आहे, मारली गेलेली सात मुले आहेत, आणि विनोदबुद्धीही आहे. माझ्या मते एवढा फरक केवळ वयाने पडत नाही; त्यासाठी जवळून पाहिलेला माणूस लागतो.

प्रयोग पाहायला लेसिंग राहिले नाहीत. १५ फेब्रुवारी १७८१ रोजी ब्राउनश्वाइगमधील आपल्या बिऱ्हाडी ते वारले. शेवटच्या काळात डावेझोन नावाचा एक यहुदी व्यापारी त्यांच्याजवळ होता. तुरुंगातून सुटल्यावर त्याला लेसिंग यांनीच आसरा दिला होता. नाटकाचा पहिला प्रयोग १७८३ साली बर्लिनला झाला. नाझी राजवटीत जर्मन रंगभूमीवर त्याला बंदी होती. युद्ध संपल्यावर ७ सप्टेंबर १९४५ रोजी बर्लिनचे डॉइचेस थिएटर उघडले ते याच नाटकाने.

लेसिंग यांच्या पश्चात याकोबी नावाच्या लेखकाने ते खरे तर स्पिनोझाच्या मताचे होते असे जाहीर करून वाद उठविला. आजारी मेंडेल्सोन यांनी मित्राच्या बाजूने एक पुस्तिका लिहिली. १७८५ च्या अखेरच्या दिवशी, कडाक्याच्या थंडीत, ते हस्तलिखित घेऊन स्वतः प्रकाशकाकडे गेले. तेथून परतल्यावर त्यांनी अंथरूण धरले आणि ४ जानेवारी १७८६ रोजी तेही गेले.