सी. व्ही. रामन आणि प्रकाशाचा पीळ

आम्हा वर्धेकरांना टकळी नवी नाही. ती उजवीकडे फिरवली की सुताला एका बाजूचा पीळ बसतो, डावीकडे फिरवली की दुसऱ्या. प्रकाशालाही असाच उजवा-डावा पीळ देता येतो. तो पीळ मुळात प्रकाशकणातच असतो, हे प्रयोगाने दाखवू पाहणारा माणूस कधीकाळी आपल्या शेजारच्या नागपुरात सरकारी हिशेब तपासत होता, हे मला बरंच उशिरा कळलं.

चंद्रशेखर वेंकट रामन यांचा जन्म १८८८ चा, तिरुचिरापल्लीचा. १९०७ मध्ये ते वित्त खात्यात लागले. कलकत्ता, रंगून, नागपूर अशा बदल्या झाल्या, पण प्रयोगांचा नाद सुटला नाही. कलकत्त्यात ते कचेरीच्या आधी आणि नंतर प्रयोगशाळेत बसत. १९१७ मध्ये त्यांनी भरपगारी नोकरी सोडली आणि कमी पगाराची प्राध्यापकी धरली. २८ फेब्रुवारी १९२८ चा रामन परिणाम आणि १९३० चं नोबेल आपण शाळेत शिकतो.

पुढचं फारसं कुणी सांगत नाही. १९३१ मध्ये रामन आणि भगवंतम यांनी वायूंनी विखुरलेला प्रकाश तपासला आणि फोटॉनला स्पिन असतो असा निष्कर्ष मांडला. १९३६ मध्ये अमेरिकेत बेथ यांनी टांगलेली क्वार्ट्‌झची चकती अशा प्रकाशाने किंचित वळते, हे मोजून दाखवलं.

याचा आज उपयोग काय? मोलिब्डेनम डायसल्फाइडचा एकच थर घ्या. जाडी एका नॅनोमीटरहून कमी. त्यातल्या इलेक्ट्रॉनांसाठी ऊर्जेच्या दोन प्रकारच्या दऱ्या असतात आणि दोन्हींत स्पिनची मांडणी एकमेकींच्या उलट. उजव्या पिळाचा प्रकाश एक दरी निवडतो, डाव्याचा दुसरी. म्हणजे प्रकाश स्पिनला थेट हात लावत नाही. दरी ठरली की स्पिनही ठरतो. २०१२ मध्ये प्रयोगांत ही निवड दिसली. पुढेमागे माहिती साठवायला ती वापरता येईल, म्हणून हा खटाटोप.

थर खरंच एकच आहे का, हे बघायचं तर रामन वर्णपटच काढतात. त्यातल्या दोन रेषांमधलं अंतर थर वाढले की वाढतं.

रामन १९७० मध्ये गेले. ग्राफीनचा सुटा थर हाती लागला २००४ मध्ये. एका अणूइतक्या पातळ थरांची ही दुनिया त्यांनी पाहिली नाही. पण तिथे पहिली तपासणी होते ती त्यांच्याच नावाने.