पावलांनी देश मोजणारे पंडित

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हिंदुस्थानचा नकाशा बहुतेक पुरा होत आला होता. १८०२ साली मद्रासजवळ सुरू झालेली त्रिकोणमितीय मोजणी उत्तरेस हिमालयाच्या पायथ्यापर्यंत पोहोचली होती. १८५६ मध्ये एव्हरेस्ट शिखराची उंचीही जाहीर झाली होती. परंतु त्या शिखरांच्या पलीकडे, जेथे तिबेटचा विस्तीर्ण देश पसरला आहे, तेथे नकाशावर जवळजवळ कोरी जागाच होती. ल्हासा नावाचे नगर आहे हे सर्वांना माहीत होते. ते नेमके कोठे आहे, हे कोणीच खात्रीने सांगू शकत नव्हते. त्सांगपो नावाची एक मोठी नदी तेथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, असे यात्रेकरू सांगत. तीच पुढे ब्रह्मपुत्रा होते की काय, याविषयी विद्वानांत वाद चालत असे.

तिबेटच्या राज्यकर्त्यांनी आपल्या सीमा परक्यांना बंद केल्या होत्या. युरोपियनांना तर तेथे पाऊल टाकण्याची सोय नव्हती. आज मोजणी करणारे आले, की उद्या त्यांच्यामागून सैन्य येते, अशी त्यांची धारणा होती. आणि शेजारच्या देशांचा इतिहास पाहता ती निराधार होती असे म्हणता येणार नाही. मात्र डोंगराळ मुलखातील हिंदी व्यापारी व यात्रेकरू यांची ये-जा पूर्वापार चालू होती. सर्वेक्षण खात्यातील कॅप्टन माँटगोमेरी या अधिकाऱ्याला येथेच एक युक्ती सुचली. अशा डोंगरी लोकांपैकीच कोणाला मोजणीची विद्या शिकवून पाठवावे, असे त्याने ठरविले. परंतु त्यासाठी माणूस लिहिता-वाचता येणारा, तिबेटी भाषा जाणणारा, चालण्यात दमदार आणि तोंडाचा घट्ट हवा होता. असा माणूस खात्याला मिळाला तो एका खेड्यातील शाळेत.

त्यांचे नाव नैनसिंह रावत. कुमाऊंच्या जोहार खोऱ्यात, हिमनदीच्या तोंडाशी, मिलम नावाचे गाव आहे. तेथे १८३० साली त्यांचा जन्म झाला. हिवाळ्यात बर्फ पडू लागले, की गावकरी घरे बंद करून खालच्या खोऱ्यात उतरत. उन्हाळ्यात खिंडी मोकळ्या झाल्या, की शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवर धान्य व कापड लादून ते तिबेटात व्यापारास जात आणि मीठ, लोकर व टाकणखार घेऊन परतत. नैनसिंहही वडिलांबरोबर लहानपणापासून या वाटा तुडवीत असत. त्यामुळे तिबेटी भाषा, तेथील रीतिरिवाज व खाणेपिणे त्यांना घरच्यासारखे परिचित झाले. पुढे १८५५ पासून दोन वर्षे त्यांनी श्लागिंट्वाइट या जर्मन संशोधक बंधूंबरोबर मानसरोवर व लडाखकडे प्रवास केला आणि तेथेच मोजणीच्या उपकरणांशी त्यांची पहिली ओळख झाली. त्यानंतर ते मिलमच्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. गावात शिक्षकाला पंडित म्हणत. तीच पदवी त्यांच्या नावाला कायमची चिकटली.

१८६३ साली नैनसिंह आणि त्यांचे चुलतबंधू मानीसिंह यांना डेहराडूनच्या कार्यालयात बोलावण्यात आले. तेथे दोन वर्षे त्यांचे शिक्षण चालले. होकायंत्र वापरणे, सूर्य व तारे यांची उंची मोजून अक्षांश काढणे, हे तर होतेच. परंतु सर्वांत कठीण धडा चालण्याचा होता. चढ असो, उतार असो, वाळू असो की खडक, प्रत्येक पाऊल सारख्याच लांबीचे पडले पाहिजे. अडीच फुटांहून किंचित मोठे असे ते पाऊल ठरविले होते आणि अशी २,००० पावले झाली म्हणजे एक मैल होई. दिवसभर मनातल्या मनात पावले मोजायची, त्याच वेळी शेजारच्या प्रवाशाशी गप्पा मारायच्या आणि तरीही आकडा चुकू द्यायचा नाही, हे किती अवघड आहे, ते ज्याने एकदा तरी शाळेपर्यंतची पावले मोजून पाहिली असतील त्यालाच कळेल.

हा आकडा लक्षात ठेवण्यासाठी एक जपमाळ करण्यात आली. बौद्धांच्या माळेत १०८ मणी असतात. या माळेत मात्र १०० होते. शंभर पावले झाली, की एक मणी सरकवायचा. पूर्ण माळ फिरली, की १०,००० पावले, म्हणजे पाच मैल. तिबेटी भाविक हातात एक लहान प्रार्थनाचक्र फिरवीत असतात. त्यात मंत्र लिहिलेली कागदाची गुंडाळी असते. नैनसिंहांच्या चक्रातील कागद मात्र कोरा होता आणि त्यावर रोजच्या नोंदी लिहायच्या होत्या. कोणी संशयाने जवळ येऊ लागले, की ते चक्र फिरवीत जपात मग्न झाल्याचे दाखवीत. जप करणाऱ्याला मध्येच बोलावण्याची तेथे रीत नव्हती. होकायंत्रही असेच लपविले होते. प्रवासी पेटीच्या चोरकप्प्यात सेक्स्टंट हे कोन मोजण्याचे यंत्र होते आणि काठीच्या पोकळीत उष्णतामापक होता. ही काठी म्हणजे उंची मोजण्याचे साधनच. समुद्रसपाटीवर पाणी १०० अंशांवर उकळते; जसजसे वर जावे तसतसे ते कमी उष्णतेवर उकळू लागते. ल्हासाएवढ्या उंचीवर ते सुमारे ८८ अंशांवरच उकळते. चहासाठी पाणी तापविण्याचे निमित्त करून पंडित त्यात हळूच उष्णतामापक बुडवीत आणि आपण किती उंचीवर आहोत ते ओळखीत. ताऱ्यांची उंची मोजण्यास सपाट क्षितिज लागते. डोंगरात ते कोठून मिळणार? म्हणून कवड्यांत पारा भरून त्यांची तोंडे मेणाने बंद केली होती. रात्री सर्वजण झोपले, की तो पारा लाकडी वाडग्यात ओतायचा, त्यात ताऱ्याचे प्रतिबिंब पाहायचे आणि तारा व प्रतिबिंब यांतील कोन मोजून त्याची निमपट घ्यायची.

जानेवारी १८६५ मध्ये दोघे बंधू निघाले आणि मार्चमध्ये काठमांडूस पोहोचले. परंतु तिबेटच्या सीमेवर त्यांना अडविण्यात आले. सामानाची झडती झाली; सुदैवाने चोरकप्पा सापडला नाही, पण परत फिरावे लागले. मानीसिंहांनी पुढे जाण्याचा नाद सोडला. नैनसिंहांनी वेष बदलला, शेंडीच्या जागी तिबेटी पद्धतीची वेणी लावली व व्यापारी म्हणून दुसऱ्या वाटेने सीमा गाठली. तेथील अधिकाऱ्याला पुन्हा संशय आला. आपण ल्हासाला जाणार नाही, गेलो तर प्राणास मुकण्यास तयार आहोत, असे त्याने त्यांच्याकडून लिहून घेतले तेव्हाच पुढची वाट मोकळी झाली. त्या दिवसापासून नैनसिंहांचे प्रत्येक पाऊल त्या लेखाच्या विरुद्ध पडत होते.

सप्टेंबरमध्ये ते ताडुम येथील मठात आले. मानसरोवराकडून ल्हासाला जाणारा लडाखी व्यापाऱ्यांचा तांडा येईपर्यंत त्यांनी आजारपणाचे सोंग घेतले व मग त्या तांड्यात सामील झाले. २९ ऑक्टोबरला तांडा शिगात्से या मोठ्या गावी पोहोचला. तेथे ताशी ल्हुन्पो हा प्रचंड मठ आहे. त्याचे प्रमुख पंचेन लामा यांच्या दर्शनाला जाणे व्यापाऱ्यांना आवश्यक होते आणि नैनसिंहांना ते टाळता येईना. हे धर्मगुरू माणसाच्या मनातले ओळखतात, असे त्यांनी ऐकले होते. धडधडत्या छातीने ते आत गेले. पाहतात तो उच्चासनावर सुमारे अकरा वर्षांचा एक मुलगा बसलेला! त्या बालगुरूने प्रत्येकाप्रमाणे त्यांनाही तीनच प्रश्न विचारले: तुमचा राजा खुशाल आहे ना, देशात सुबत्ता आहे ना आणि तुमची प्रकृती ठीक आहे ना. मग गळ्यात रेशमी वस्त्र घालून व चहा देऊन त्यांना निरोप देण्यात आला. ज्यांना फसवावे लागत होते, त्यांनीच असे आदरातिथ्य करावे, हा अनुभव त्यांना या देशात अनेकदा आला.

बरोबरचे पैसे संपत आले, तेव्हा कामास आली ती शाळामास्तरकी. शिगात्सेतील नेपाळी दुकानदारांना हिंदी पद्धतीचा जमाखर्च शिकवून त्यांनी पोटापुरते मिळविले. १० जानेवारी १८६६ रोजी ते ल्हासात पोहोचले. तेथे सुमारे तीन महिने एका धर्मशाळेत त्यांनी मुक्काम केला. खिडकीतून वा गच्चीवरून, मिळेल त्या संधीस ते वेध घेत. त्यांनी काढलेले ल्हासाचे अक्षांश सुमारे २९ अंश ३९ कला होते. आज उपग्रहांनी केलेली मोजणी याहून वेगळी नाही.

परंतु हे दिवस सुखाचे नव्हते. परवानगीवाचून नगरात आलेल्या एका चिनी माणसाचा भर रस्त्यात शिरच्छेद झालेला त्यांनी पाहिला. दोन काश्मिरी मुसलमान व्यापाऱ्यांनी तर त्यांचे सोंग ओळखलेच. त्यांनी मनात आणले असते तर पंडितांचे डोके उडण्यास एक दिवसही लागला नसता. पण त्या दोघांनी गुपित राखले आणि घड्याळ तारण ठेवून घेऊन थोडे कर्जही दिले. एके दिवशी ज्याला लेख लिहून दिला होता तोच सीमेवरचा अधिकारी रस्त्यात दिसला! नैनसिंह गर्दीत मिसळून गेले, त्यांनी बिऱ्हाड बदलले आणि मग बाहेर पडणेच जवळजवळ सोडले.

एप्रिलमध्ये लडाखी तांडा परत निघाला व त्याच्यासोबत तेही त्सांगपोच्या काठाकाठाने मानसरोवरापर्यंत आले. २७ ऑक्टोबर १८६६ रोजी ते डेहराडूनला पोहोचले. त्यांनी मोजलेली वाट सुमारे १,२०० मैल भरली. म्हणजे चोवीस लाखांच्या आसपास पावले, एकेक करून मोजलेली. त्सांगपोचा सुमारे ६०० मैलांचा प्रवाह प्रथमच नकाशावर उतरला.

पुढल्याच वर्षी ते पश्चिम तिबेटातील ठोक जालुंगच्या सोन्याच्या खाणी पाहून आले. १६,००० फुटांहून उंच अशा त्या पठारावर वारा इतका बोचरा वाहतो, की खाणकामगार जमिनीत सात-आठ फूट खड्डे करून त्यांत तंबू ठोकून राहत. विशेष म्हणजे, हिवाळ्यात तेथे अधिक माणसे येत, कारण गोठलेली माती ढासळत नसे. खाणीच्या प्रमुखाला पंडितांच्या पेटीविषयी शंका आली होती; पोवळी व तंबाखू भेट मिळाल्यावर ती निवळली.

शेवटचा प्रवास सर्वांत लांबचा होता. जुलै १८७४ मध्ये यारकंदला जात असल्याची हूल उठवून ते लेहहून लामाच्या वेषात निघाले आणि मध्येच पूर्वेकडे वळले. पॅंगाँग सरोवरापासून ल्हासापर्यंतच्या त्या ओसाड पठारावर ओझी वाहण्यासाठी त्यांनी २६ मेंढ्या घेतल्या होत्या. चारा बरोबर नेणे नको. वाटेत मिळेल ते चरत त्या चालत. त्यांतील चार-पाचच ल्हासापर्यंत टिकल्या. नोव्हेंबरमध्ये ल्हासात शिरताच लेहचा एक ओळखीचा व्यापारी भेटला. धोका ओळखून पंडितांनी आपल्या नोंदी दोन विश्वासू माणसांबरोबर लेहला रवाना केल्या, उत्तरेकडील एका मठाच्या यात्रेस निघाल्याचे दाखविले आणि अंधार पडताच दक्षिणेची वाट धरली. तवांगला त्यांना जवळजवळ दोन महिने अडवून ठेवण्यात आले. १ मार्च १८७५ रोजी ते आसामातील उदलगुडी येथे पोहोचले, तेव्हा सुमारे १,३०० मैलांची वाट त्यांच्या पायांखालून गेली होती.

थंडीने व रात्रीच्या वेधांनी त्यांची दृष्टी अधू झाली आणि प्रवास थांबले. तोपर्यंत सरकारी अहवालांत त्यांचे नाव नव्हते. फक्त पंडित एवढाच उल्लेख असे, कारण नाव फुटले तर पुढच्या माणसांच्या जिवाला धोका होता. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. ते स्वीकारण्यास ते स्वतः लंडनला गेले नव्हते. सरकारने त्यांना रोहिलखंडात एक गाव इनाम दिले. १९०४ मध्ये इंग्रज सैन्य ल्हासात घुसले आणि तिबेटी राज्यकर्त्यांची जुनी भीती खरी ठरली. पण ते पाहण्यास पंडित हयात नव्हते. भारताच्या टपाल खात्याने २००४ साली त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

प्रवास थांबल्यावर नैनसिंह पुन्हा शिक्षक झाले. आपली विद्या शिकणाऱ्यांसाठी त्यांनी ‘अक्षांश दर्पण’ हे हिंदी पुस्तक आधीच लिहिले होते. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांपैकी त्यांचे चुलतबंधू किशनसिंह १८७८ मध्ये तिबेटात गेले व साडेचार वर्षांनी, १८८२ च्या अखेरीस, परत आले. त्याच वर्षी नैनसिंहांचे निधन झाले होते. त्या प्रवासात एकदा दरोडेखोरांच्या भीतीने संपूर्ण तांड्याने घोड्यांवरून जाण्याचे ठरविले आणि किशनसिंहांनाही घोड्यावर बसावे लागले. आता पावले मोजणार कशी? घोड्याचा पुढचा उजवा पाय किती वेळा जमिनीला टेकतो, ते किशनसिंह मोजू लागले आणि तसे मोजीत दोनशेहून अधिक मैल गेले.