रॉबर्ट गिल

रॉबर्ट गिल (१८०४ - १८७९) हे ब्रिटिश लष्करी अधिकारी, चित्रकार आणि छायाचित्रकार होते. अजिंठा लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करणारे पहिले प्रमुख चित्रकार म्हणून ते ओळखले जातात. अजिंठा, वेरूळ आणि लोणार येथील वास्तूंची त्यांनी घेतलेली छायाचित्रे ही महाराष्ट्रातील प्राचीन वास्तूंच्या सर्वांत जुन्या छायाचित्रांपैकी आहेत.

== प्रारंभिक जीवन ==
गिल यांचा जन्म लंडन येथे झाला. तरुणपणी ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास लष्करात दाखल झाले व ४४ व्या मद्रास नेटिव्ह इन्फन्ट्रीमध्ये अधिकारी झाले. पुढे ते मेजर या हुद्द्यापर्यंत पोहोचले.

== अजिंठ्यातील चित्रे ==
अजिंठ्याची लेणी १८१९ साली ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडली. त्यानंतर भिंतींवरील चित्रांची होत असलेली हानी वास्तू-इतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांनी निदर्शनास आणली. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने कंपनीकडे विनंती केली आणि १८४४ साली या कामासाठी गिल यांची नियुक्ती झाली. त्यांचा मुक्काम अजिंठा गावातील बारादरीत असे. त्या वेळी हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता.

वाघूर नदीच्या वळणावरील या लेण्यांमध्ये वटवाघळांचा वावर होता, पावसाळ्यात पाणी झिरपत असे आणि आतल्या दालनांत उजेड फारच कमी पोहोचत असे. अशा परिस्थितीत गिल यांनी कॅनव्हासवर तैलरंगांत मोठ्या आकाराच्या प्रतिकृती तयार केल्या. या कामात त्यांची जवळपास दोन दशके गेली.

लंडनला पाठवलेल्या या प्रतिकृती पुढे सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शित करण्यात आल्या. डिसेंबर १८६६ मध्ये तेथे लागलेल्या आगीत त्यांपैकी बहुतेक जळून गेल्या. केवळ चार-पाच वाचल्या. या आघातानंतरही गिल यांनी प्रतिकृतींचे काम पुन्हा हाती घेतले.

== छायाचित्रण ==
१८५० च्या दशकात गिल छायाचित्रणाकडे वळले. त्या काळी रूढ असलेल्या ओल्या कलोडियन पद्धतीत काचेवर रसायनाचा थर देऊन ती सुकण्यापूर्वीच चित्र घ्यावे व धुवावे लागे. उष्ण, कोरड्या हवेत थर लवकर सुकत असल्यामुळे उन्हाळ्यात हे काम अवघड होई. शिवाय काचा, रसायने आणि अंधारासाठी लागणारा तंबू बरोबर न्यावा लागे.

गिल यांनी प्रामुख्याने स्टिरिओस्कोपिक, म्हणजे दोन भिंगांच्या साहाय्याने खोलीचा आभास देणारी, छायाचित्रे घेतली. अजिंठा व वेरूळ येथील लेण्यांबरोबरच लोणार सरोवराच्या परिसरातील जुनी मंदिरेही त्यांच्या छायाचित्रांत आढळतात. १८६४ साली फर्ग्युसन यांच्या विवेचनासह त्यांच्या छायाचित्रांची दोन पुस्तके लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. एकात लेण्यांची ७४ छायाचित्रे, तर दुसऱ्यात पश्चिम भारतातील वास्तू व निसर्गाची १०० छायाचित्रे होती.

== वैयक्तिक जीवन व मृत्यू ==
अजिंठ्यातील वास्तव्यात पारो या स्थानिक स्त्रीशी गिल यांचे निकटचे संबंध जुळले. १८५६ साली तिचे निधन झाले. अजिंठा गावात तिची कबर असून गिल यांनी तिच्यावर स्मृतिलेख कोरविला. गिल यांचे निधन १८७९ साली झाले. त्यांची कबर भुसावळ येथे आहे.

== महत्त्व ==
गिल यांच्यानंतर मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या नव्या प्रतिकृती केल्या. त्यांतील अनेक प्रतिकृतीही १८८५ साली लंडनमधील आगीत नष्ट झाल्या. दरम्यान, मूळ चित्रांची झीज चालूच राहिली. त्यामुळे गिल यांच्या उरलेल्या प्रतिकृतींना अभ्यासाच्या दृष्टीने मोल आले आहे. त्यांची छायाचित्रे नंतरच्या काळातील डागडुजीपूर्वीची लेण्यांची व मंदिरांची अवस्था दाखवतात. कोणता भाग मूळचा आणि कोणता नंतर दुरुस्त केलेला, हे ठरवताना त्यांचा आधार घेता येतो. वाचलेल्या प्रतिकृती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहेत.

== लोकप्रिय संस्कृतीत ==
गिल व पारो यांच्या कथेवर कवी ना. धों. महानोर यांनी ''अजिंठा'' हे दीर्घकाव्य लिहिले. त्यावर आधारित याच नावाचा मराठी चित्रपट नितीन चंद्रकांत देसाई यांनी दिग्दर्शित केला. तो २०१२ साली प्रदर्शित झाला.