तीन भट्ट्या फसल्या, घड्याळ गहाण गेलं, तरी त्यांनी पोरांकडून विटा पाडून घेतल्याच

वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' वाचलं असेल तर टस्कीगी हे नाव तुम्हाला नवं नाही. १८९६ मध्ये कार्व्हरना तिथं बोलावून घेणारे बुकर टी. वॉशिंग्टन. टस्कीगीची गोष्ट मात्र त्याआधीच सुरू झाली होती.

वॉशिंग्टन यांचा जन्म १८५६ चा, व्हर्जिनियात, गुलाम आईच्या पोटी. गुलामी संपली तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. मग मिठाच्या भट्ट्या, कोळशाची खाण. १८७२ मध्ये बराच रस्ता पायी तुडवत ते हॅम्प्टनच्या शाळेत पोचले. प्रवेश परीक्षा काय, तर एक खोली झाडून दाखवायची! त्यांनी ती तीनदा झाडली आणि चारदा पुसली.

४ जुलै १८८१ ला त्यांनी अलाबामातल्या टस्कीगीत शाळा सुरू केली. विद्यार्थी ३०, जागा गळकी. पुढे जमीन मिळाली, इमारतीला पैसे नव्हते आणि गावात वीटभट्टीही नव्हती. विटा पोरांनीच पाडायच्या असं ठरलं.

अडचण एकच, खुद्द वॉशिंग्टनना त्यातलं काही येत नव्हतं. गुडघाभर चिखलात उभं राहायला पोरं नाखूश, काहींनी तर शाळाच सोडली. पहिली भट्टी फसली, दुसरीही. तिसरी जवळजवळ जमत आली आणि ऐनवेळी कोसळली. हातातले पैसे संपले. वॉशिंग्टननी माँटगोमेरीला जाऊन १५ डॉलरला घड्याळ गहाण टाकलं. चौथी भट्टी जमली. पुढे एकेका हंगामात १२ लाख विटा निघू लागल्या आणि ज्यांना ही शाळा नको होती असे गोरे शेजारीही विटा घ्यायला येऊ लागले.

कामाबरोबर पुस्तकंही होतीच. भिंतीला किती विटा लागतील, लाकूड किती लागेल, हे हिशोब थेट गणिताच्या तासाला यायचे. पोरांनी शिकावं, पण कष्टाचं काम करू नये, असं म्हणणारे पालक तक्रार करत राहिले. वॉशिंग्टन बधले नाहीत.

१९०३ मध्ये ड्यू बॉइस यांनी त्यांच्यावर जाहीर टीका केली. हाताच्या कामापायी उच्च शिक्षण आणि मताचा हक्क मागे पडतोय, असा त्यांचा आक्षेप होता. तो बिनबुडाचा नव्हताच. वॉशिंग्टन जाहीरपणे हक्कांवर जपूनच बोलायचे. १९१५ मध्ये ते गेले. कृष्णवर्णीयांचं मत हिरावणाऱ्या कायद्यांविरुद्धच्या खटल्यांना ते गुपचूप पैसे पुरवत होते, हे बऱ्याच वर्षांनी त्यांच्या कागदपत्रांतून बाहेर आलं.