ज्या डॉक्टरला मेंदू तपासून घ्यायला सांगितलं, त्यानेच दुर्बिणीतून पहिलं अपेंडिक्स काढलं

पित्ताशयात खडे असोत, अपेंडिक्स असो की गर्भाशयाची गाठ, आज डॉक्टर पहिल्यांदा विचारतात ते दुर्बिणीतून करायचं का. पोटावर तीन-चार छोटी भोकं आणि दोन-तीन दिवसांत पेशंट घरी. पण हे ऑपरेशन जर्मनीत पहिल्यांदा करणाऱ्या माणसाची डॉक्टरकी बंद करा, अशी मागणी थेट सर्जन लोकांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी केली होती.

त्या माणसाचं नाव कुर्ट झेम. आणि गंमत म्हणजे तो सर्जन नव्हताच, स्त्रीरोगतज्ज्ञ होता.

झेमचा जन्म २३ मार्च १९२७ चा, म्युनिकमधला. डॉक्टर होण्याआधी तो अवजारं बनवण्याचं काम शिकला होता. लेथवर धातू कातणारा हा हात पुढे ऑपरेशन थिएटरमध्ये आला. त्याच्या पुढच्या आयुष्याचा निम्मा उलगडा इथेच होतो. इतर डॉक्टर एखादं ऑपरेशन जमत नाही म्हणून सोडून द्यायचे, तेव्हा झेम त्यासाठी अवजार बनवायला बसायचा. घरच्या लोकांचा वैद्यकीय उपकरणं बनवण्याचा व्यवसाय होता, त्यामुळे डोक्यातली कल्पना हातात यायला वेळ लागत नसे.

पोटात दुर्बीण घालण्याची कल्पना त्याची नव्हती. जॉर्ज केलिंग या जर्मन डॉक्टरने १९०१ मध्ये कुत्र्याच्या पोटात हवा भरून आत पाहून दाखवलं होतं. पुढे स्वीडनच्या याकोबेयसने तेच माणसांवर केलं. पण पुढची अनेक वर्षं दुर्बिणीचा उपयोग मुख्यतः आत काय आहे ते बघण्यापुरता राहिला. आत काही कापायचं तर तीन अडचणी होत्या.

पहिली अडचण गॅसची. पोट फुगवल्याशिवाय आत काम करायला जागा होत नाही. पण गॅस जास्त झाला तर छातीवर आणि रक्तवाहिन्यांवर दाब येऊन पेशंट दगावू शकतो. सुरुवातीला हा गॅस अंदाजाने भरला जायचा. १९६० च्या दशकात म्युनिकमध्ये असताना झेमने पोटातला दाब मोजत मोजत आपोआप कार्बन डायऑक्साइड सोडणारं यंत्र बनवलं. हाच वायू का, तर तो पेट घेत नाही आणि रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो. दुर्बिणीच्या सगळ्या ऑपरेशनांचा पाया हे यंत्र आहे, पण झेमचं नाव निघालं की लोकांना अपेंडिक्स आठवतं, यंत्र नाही.

दुसरी अडचण रक्तस्रावाची. तेव्हा विजेच्या करंटने रक्तवाहिनी जाळून बंद करायचे. पण अरुंद जागेत करंट भलतीकडे जाऊन आतडं भाजायचं, आणि ते काही दिवसांनी फुटल्यावर कळायचं. झेमने शरीरातून करंट जाऊ न देता, फक्त अवजाराचं टोक तापवून रक्त थांबवण्याची पद्धत काढली.

तिसरी अडचण गाठ मारण्याची. लांब दांड्यांच्या चिमट्याने आत दोऱ्याची गाठ कशी मारणार? त्यासाठी त्याने टॉन्सिलच्या ऑपरेशनमध्ये वापरला जाणारा सरकफास उचलला. फास बाहेर तयार करायचा, नळीतून आत न्यायचा आणि ओढून आवळायचा. शिकणाऱ्या डॉक्टरांना पेशंटआधी खोक्यावर सराव करता यावा म्हणून त्याने सरावाची पेटीही बनवली.

१९७० मध्ये झेम कील विद्यापीठात स्त्रीरोग विभागाचा प्रमुख झाला आणि गर्भनलिका, बीजांडकोशाच्या गाठी अशी एकेक ऑपरेशनं दुर्बिणीवर आणू लागला. तेव्हा त्याच्याच सहकाऱ्यांनी त्याला मेंदूची तपासणी करून घ्यायला सुचवलं. असं ऑपरेशन शहाणा माणूस करणारच नाही, असा त्यांचा तर्क.

खरा भडका उडाला सप्टेंबर १९८० मध्ये. कीलमध्ये झेमने पोट न उघडता एक अपेंडिक्स काढलं. उघड्या ऑपरेशनमध्ये सर्जन जे करतात तेच त्याने छोट्या भोकांतून केलं : रक्तवाहिनी बांधली, मुळाशी फास टाकला, अपेंडिक्स कापलं आणि उरलेलं टोक टाके घालून आत दाबलं.

आता अपेंडिक्स हा सर्जनचा प्रांत. बायकांच्या डॉक्टरने त्याला हात लावावा हेच अनेकांना सहन झालं नाही. जर्मन सर्जन संघटनेच्या अध्यक्षांनी त्याच्यावर बंदीची मागणी केली ती यानंतरच. अमेरिकेतल्या नावाजलेल्या स्त्रीरोगविषयक जर्नलने त्याचा पेपर अनैतिक ठरवून परत पाठवला. तो शेवटी १९८३ मध्ये दुसऱ्या जर्नलमध्ये छापून आला. एका सभेत तर झेम स्लाइड दाखवत असताना प्रोजेक्टरची वायरच काढली गेली.

विरोधकांची भीती अगदीच बिनबुडाची होती असंही नाही. तेव्हा स्क्रीन नव्हता, सर्जन एक डोळा दुर्बिणीला लावून काम करायचा. आत बोटाने चाचपता येत नाही. मोठी रक्तवाहिनी फुटली तर पोट उघडेपर्यंतचा वेळ जीवघेणा ठरू शकतो. पुढे १९९० च्या सुमारास अमेरिकेत पित्ताशयाची ऑपरेशनं धडाधड दुर्बिणीतून सुरू झाली, तेव्हा अपुऱ्या सरावामुळे पित्तनलिका कापल्या जाण्याच्या घटना वाढल्या. झेमची सरावाची पेटी यासाठीच होती.

झेमचं काम पाहून बोब्लिंगेनच्या एरिख म्यूअ या सर्जनने १२ सप्टेंबर १९८५ ला दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. त्यालाही त्याच संघटनेने आधी हिणवलं. १९९२ मध्ये मात्र त्याच कामासाठी पुरस्कार दिला. दरम्यान व्हिडिओ कॅमेरा आला, आतलं दृश्य सगळ्या टीमला दिसू लागलं आणि लाट जगभर पसरली. मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी ३१ मे १९९० ला भारतातलं पित्ताशयाचं असं पहिलं ऑपरेशन केलं.

झेम १९९५ मध्ये कीलमधून निवृत्त झाला. १६ जुलै २००३ ला अमेरिकेतल्या टूसॉनमध्ये तो वारला, तेव्हा तो ७६ वर्षांचा होता.